सामाईक कढीपत्ता

सोसायटीत झाड लावायला आधी खड्डा लागत नाही, ठराव लागतो. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि ‘माझी काही हरकत नाही, पण...’ असं म्हणणारे निदान पाच सभासद लागतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि आत घ्यायची म्हणजे आपल्याकडे ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारीच होते. त्यामुळे बागेचा विषय निघतो तो पाऊस परतीला लागल्यावर. लावणीचे दिवस सरल्यावर लावणी करावी की नाही यावर दोन तास खल करायचा, हे सहकारी बागायतीचं पहिलं लक्षण.

आमची इमारत कोथरूडमधली. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, वीस बिऱ्हाडं. मागच्या बाजूला कंपाउंडची भिंत आणि ड्रेनेजची झाकणं यांच्यामध्ये जमिनीचा एक लांबट पट्टा आहे. नकाशात त्याला मार्जिन म्हणतात. प्रत्यक्षात तिथे कुणाच्या तरी बाथरूमच्या नूतनीकरणातून उरलेल्या फरशा, एक निवृत्त कमोड आणि मालक मुलाकडे न्यू जर्सीला गेल्यापासून उभी असलेली चेतक स्कूटर असा ऐवज होता. हे हलवून तिथे सगळ्यांची मिळून एक बाग करावी, अशी सूचना तळमजल्यावरच्या चार नंबरच्या काकूंनी मांडली.

हरकती लगेच आल्या. डास होतील. मुळं टाकीत शिरतील. भिंतीला ओल येईल. पाण्याचं बिल वाढेल. साप येतील. या हरकती घेणारं कुणी निसर्गाचं वैरी नव्हतं; प्रत्येकाच्या गॅलरीत चार कुंड्या होत्याच. माणसाला झाड आवडतं, फक्त ते कोण लावतंय यावर बरंच अवलंबून असतं. सापाचा मुद्दा काढणाऱ्या बँकेतल्या काकांना कुणीतरी विचारलं, की तुम्ही साप शेवटचा कधी पाहिलात? ते प्रामाणिक गृहस्थ. म्हणाले, “लहानपणी. नागपंचमीला. टोपलीत.” हशा झाला आणि त्या हशात ठराव मंजूर झाला.

मग उद्घाटन. वनमहोत्सवाची प्रथा कन्हैयालाल मुन्शींनी १९५० मध्ये सुरू केली, तेव्हा ते केंद्रात अन्न आणि कृषिमंत्री होते. तेव्हापासून झाड लावणं आणि फोटो काढणं या आपल्याकडे वेगळ्या क्रिया राहिलेल्या नाहीत. आमच्या फोटोत वांग्याच्या एका वीतभर रोपाला अकरा हात लागलेले दिसतात. त्यातल्या दहा हातांना माती लागलेली नाही. अकरावा हात वॉचमनदादांचा; तो फोटोत अर्धाच आला आहे.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, कारण कुदळ मारली की खालून माती निघेना, इतिहास निघायला लागला. विटांचे तुकडे, गंजकी सळी, सिमेंटचे गठ्ठे. इमारत बांधून झाल्यावर ठेकेदारानं आपला राडारोडा आमच्या पायाशीच पुरून ठेवला होता. तेव्हा मातीच नसेल तर काय करायचं, याचा शोध सुरू झाला. असा शोध घ्यायला पुण्यात माणसं कमी पडत नाहीत. हात कमी पडतात. कुणी सांगितलं, मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीतली शेती करून दाखवली. कुणी सांगितलं, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ काढून आणलं. दाभोळकर मूळचे गणितातले. सूर्यप्रकाशाचा नीट हिशेब मांडला तर दहा गुंठ्यांत एक कुटुंब सुखानं राहील, असं त्यांचं म्हणणं. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. आमचा पट्टा अर्धा गुंठाही भरत नाही, आणि कुटुंबं वीस. प्राध्यापकांनी भागाकार केला, पुस्तक मिटलं, आणि “तत्त्व तेच आहे,” असं म्हणाले.

कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला चिपाडं मागितली तेव्हा त्याला आधी पटेचना, की ही कुणाला हवी असतात. फुकट देतो म्हणाला. फक्त रोज न्या. झालं. रोज संध्याकाळी इमारतीतली दोन भारदस्त माणसं रसाच्या घमघमाटात, माश्यांच्या लवाजम्यासह, पोतं घेऊन यायला लागली. वाळका पाला मात्र मिळणं कठीण, कारण तो सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवून दिलेला असतो. एके काळी ज्या पाल्यावरून समोरच्या सोसायटीशी आमचं भांडण होतं (‘तुमचा बदाम आमच्या आवारात गळतो’), तोच पाला आता आम्ही त्यांच्याकडे मागायला गेलो. त्यांनी दिला, पण त्यांच्याही सभेत तो विषय ठेवावा लागला म्हणे.

आणि खताचा ड्रम आला. त्याची कथा वेगळी. २०१६ च्या घनकचरा नियमांत पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींनी आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं म्हटलं होतं. आम्ही त्या मापाच्या आसपासही नाही, पण सेक्रेटरींनी ‘नियम आहे’ एवढंच सांगितलं, मीटर सांगितले नाहीत. पुढे, गांडूळखत केलं तर महापालिका मालमत्ता करात सवलत देते हे कळल्यावर खजिनदारांच्या मनात निसर्गप्रेम दाटून आलं. ड्रमला भोकं पाडली, तळाला चिपाडं घातली आणि वीस घरांचा भाजीचा कचरा त्यात पडायला लागला.

ओल्या कचऱ्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नसतं. झाकण उघडलं की आधी ऊब चेहऱ्यावर येते. खाली सूक्ष्मजीवांचा स्वयंपाक चालू असतो. मग चहाचा चोथा, केळीची सालं, कोबीचा दांडा, त्यावर पांढऱ्या बुरशीचे धागे, आणि मधूनच एखादी मटाराची टरफलं भरलेली, गाठ तशीच ठेवून टाकलेली पिशवी. ती सोडवण्याचं काम काकूंकडे. हळूहळू त्या ड्रमवरून इमारतीचं पंचांग सांगू लागल्या. रताळ्याची सालं दिसली की एकादशी. अकरा नंबरमध्ये डाएट सुरू झालंय हे काकडीच्या सालींनी घरातल्यांच्याही आधी जाहीर केलं. सोळा नंबरमध्ये पाहुणे येऊन राहिलेत आणि ते कोकणातले आहेत, हे नारळाच्या शेंड्यांवरून. श्रावणात एकदा अंड्याचं टरफल निघालं. त्यात चुना असतो, झाडाला तो चांगला, यावर कुणाचं दुमत नव्हतं. पण त्या आठवड्यात जी चर्चा झाली ती चुन्यावर नव्हती.

ड्रमला वास येऊ लागला तेव्हा मात्र सगळे शास्त्रज्ञ झाले. कारण साधं होतं. ओलं खूप झालं होतं आणि कोरडं कमी. हवा खेळली नाही की सडतं, खेळली की कुजतं. दोन्हींत फरक आहे आणि तो नाकाला कळतो. पाला घाला, वरखाली करा, एवढंच करायचं असतं. हे वॉचमनदादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. लातूरकडे त्यांची कोरडवाहू शेती आहे. वीस घरांमध्ये आणि एका वॉचमनच्या खोलीत मिळून शेतकरी एवढाच एक. पण ते सभासद नाहीत, त्यामुळे त्यांचं मत इतिवृत्तात आलं नाही. तेच मत पुढे एका व्हिडिओत कुणीतरी सांगितल्यावर ते एकमतानं स्वीकारलं गेलं.

काय लावायचं, यावर तर प्रत्येकाचं गाव जागं झालं. सोळा नंबरला अळू आणि केळ हवी. सात नंबर जळगावकडचे. त्यांना भरताची हिरवी, लांबोडकी वांगी. त्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे हे त्यांनी मानांकन स्वतःच्या नावावर असल्याच्या आवाजात सांगितलं. मराठवाड्यातल्या वहिनींना अंबाडी. बँकेतल्या काकांना काहीच नको होतं, फक्त तुळशीशेजारी जास्वंद हवी होती, लाल, पाच पाकळ्यांची, गणपतीला चालणारी. जास्वंद लावली, आणि आमच्या बागेला बाहेरचे भक्त लागले. पहाटे साडेपाचला आकडी लावलेली काठी भिंतीवरून डोकावायची आणि कळ्यासुद्धा न्यायची. देवासाठी तोडलेलं फूल चोरीत धरत नाहीत, असा आपल्या समाजात एक अलिखित निवाडा आहे. ते कुणाच्या अंगणातलं आहे हा प्रश्न देवालाही पडत नसावा. पाटी लावली. पाटीवर ‘फुले तोडू नयेत’ असं होतं; दुसऱ्या दिवसापासून फांदीसकट जायला लागली.

पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता झाला, मजल्यांप्रमाणे, रंगीत. पाळ्यांचा नियम असा दिसतो, की रविवारी सगळ्यांना आठवण येते आणि गुरुवारी कुणालाच नाही. त्यामुळे आमच्या झाडांनी आठवड्यातून एकदा महापूर आणि एकदा दुष्काळ पाहिला. या विषयावर प्राध्यापकांना फार दिवसांनी श्रोते मिळाले. ते अर्थशास्त्राचे. त्यांनी सांगितलं, गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय, की सामाईक कुरण उजाड होतं. प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडतो, फायदा त्याचा एकट्याचा, झीज सगळ्यांची. मग एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं, की तसंच होईल असं काही नाही. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरकुरणांपासून फिलिपाइन्समधल्या पाटांपर्यंत लोकांनी आपसांत नियम करून सामाईक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकवल्या आहेत. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच बाई. काकूंनी शांतपणे विचारलं, “पण त्या लोकांत गुरुवारी पाणी कोण घालायचं?”

खरं तर आपल्याकडेही सामाईक गोष्ट राखण्याची एक जुनी, खात्रीची रीत आहे. देवराई. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. कित्येक ठिकाणी तिथलं वाळकं लाकूडसुद्धा उचलायचं नाही असा दंडक होता. तिथे पाळ्यांचा तक्ता नव्हता, देव होता. तोच उपाय आपण शहरात जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या फरशा बसवून करतो. पान खाणारा वळतो आणि एक कोपरा पुढे जाऊन थुंकतो. बागेतही एक फरशी बसवावी असं कुणीतरी सुचवलं. पण जिथे देवाच्याच नावानं जास्वंद जाते, तिथे देवाला राखणीला बसवणं अडचणीचं होतं.

एवढं सगळं होऊनही बाग टिकली. पालक आला, मेथी आली. आणि नंतर खरं संकट आलं. वांगी लागली.

चार. जळगावची नव्हेत, साधी जांभळी, देठाला काटे असलेली. चारांपैकी एकाला बारीक भोक, म्हणजे फळ पोखरणारी अळी आमच्या आधी पोहोचलेली. अडीच महिने वीस घरांनी ज्यांच्याकडे पाहिलं ती तीन धड वांगी काकूंच्या ओट्यावर ठेवलेली, आणि भोवती आम्ही. लावायच्या वेळी जे आले नव्हते तेही आले होते. सोसायटीच्या आदर्श उपविधीत बघितलं तर सगळं काही आहे. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, सेवाशुल्क सगळ्या गाळ्यांना सारखं, सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चावर. वांग्यांचं कलम नाही. तेव्हा सूचना आल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात. लिलाव करून रक्कम बागेच्या खात्यात जमा करावी. ज्यांनी पाळ्या भरल्या त्यांनाच द्यावीत. यावर पाळ्यांची वही आणली गेली आणि गुरुवारच्या सह्या एकाच शाईत, एकाच हातच्या निघाल्या. मोठ्या फ्लॅटवाल्यांनी चौरस फुटांचा मुद्दा काढला. सात नंबरवाले म्हणाले, एकच भरीत करू आणि सगळे चमचा-चमचा खाऊ. ते न्याय्य होतं. पण त्यात लसूण घालायचा की नाही इथे चर्चा थांबली.

महाराष्ट्राला सहकार नवा नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला त्यालाही आता सत्तर वर्षं उलटून गेली. हजारो शेतकऱ्यांचा ऊस एका काट्यावर मोजला जातो आणि ज्याचे त्याला पैसे मिळतात. तिथे हिशेब चालतो, कारण माल टनात असतो. तीन वांग्यांना काटा लावला की वांगी बाजूला राहतात आणि काटाच तेवढा उरतो. ज्यांनी महिनोन् महिने तक्रार न करता पाणी घातलं होतं, त्यांनाही त्या संध्याकाळी आपण किती पाणी घातलं ते आठवायला लागलं. श्रमांचं असं असतं. फळ दिसेपर्यंत ते हौस असतात, फळ दिसलं की त्यांची मजुरी होते. ती वांगी शेवटी वॉचमनदादांच्या घरी गेली, औदार्यानं नव्हे, कोंडी फोडण्यासाठी. वॉचमनवहिनींनी त्यांची सुकट घालून भाजी केली. तिचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि सगळ्यांना समान मिळाला.

या सगळ्या काळात भिंतीच्या कोपऱ्यात एक कढीपत्ता होता. तो कुणी लावला नव्हता. बुलबुल कढीपत्त्याची काळी फळं खातात आणि बिया कुठेही टाकतात, त्यातला असावा. त्याचा ठराव नव्हता, त्याची पाळी नव्हती. मात्र सकाळी साडेनऊच्या सुमारास, फोडणी तडतडायच्या आत, कुणी ना कुणी खाली येऊन एक डहाळी ओरबाडून नेत असे. कुणी किती नेली हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि गंमत म्हणजे, त्या कढीपत्त्याचं काही बिघडलं नाही. त्याचा शेंडा खुडला की खालून दोन फुटवे येतात. मुळातूनही पिलं निघतात. जितके जण ओरबाडतील तितका तो दाट होतो. हार्डिनसाहेबांच्या कुरणात कढीपत्ता नसावा.

तिथे आम्हाला आमच्या बागेचा एकमेव शास्त्रीय नियम सापडला: सोसायटीत मोजता येईल असं काही लावू नये. वांगं मोजता येतं, ढोबळी मिरची मोजता येते, दुधी तर लांबूनही मोजता येतो. ज्या दिवशी तो वेलावरून नाहीसा होतो त्या दिवशी वीस घरांच्या कुकरच्या शिट्ट्या संशयानं ऐकल्या जातात. पण पुदिना कुणी मोजलाय? गवती चहाच्या पाती? पानओवा, अळू, ओली हळद, मायाळू? यातलं काही नेलं तर कमी झाल्याचं दिसत नाही, आणि नाही नेलं तर वाढून रस्ता अडवतं. त्यामुळे नेणारा उलट उपकार करत असतो. आम्ही हळूहळू फळभाज्या काढल्या आणि पानं लावली. अळू ड्रेनेजच्या पाइपाजवळ इतकं माजलं, की पाळीवाल्यांना आता अळू न्या म्हणून गळ घालावी लागते. गेल्या श्रावणात वीस घरांत मिळून किती फदफदं झालं याचा अंदाज ड्रमनं दिला. काकूंनी नुसत्या देठांवरून सांगितलं.

पाळ्यांचा रंगीत तक्ता अजून जिन्यात आहे. त्याच्याकडे कुणी पाहत नाही. गुरुवारी पाणी कोण घालतं हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे, आणि जे घालतात ते अळू खात नाहीत. घशाला खाजतं म्हणतात. जे रोज अळू नेतात त्यांनी पाण्याचा पाइप कुठे ठेवलेला असतो हे अजून पाहिलेलं नाही. पहिल्या वर्षी याचा राग यायचा. आता वाटतं, एकाच माणसानं पाणी घालावं आणि त्यानंच खावं हा न्याय कुंडीला ठीक आहे. त्यासाठी गॅलरी पुरेशी आहे. चारचौघांच्या बागेत थोडा अन्याय मुरवावाच लागतो, नाहीतर ती चार कुंड्यांची बेरीज होते. हे प्राध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, याला अर्थशास्त्रात आधार नाही, पण नोंद करून ठेवतो.

सध्या मात्र इमारतीत जरा चिंतेचं वातावरण आहे. खताच्या ढिगातून एक पपई आपोआप उगवली आहे आणि बघता बघता पुरुषभर उंच झाली आहे. पपईचं झाड नर की मादी हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. नराची फुलं लांब देठांवर लोंबतात, मादीची खोडाला चिकटून येतात. रोज सकाळी तिथे दोन-तीन जण माना वर करून उभे असतात. नर निघाला तर प्रश्न मिटला. मादी निघाली तर पपया लागतील, त्या मोठ्या असतील, गॅलरीतून दिसतील आणि मोजता येतील. सेक्रेटरींनी ‘ऐनवेळी येणारे विषय’ याखाली तो आधीच घालून ठेवला आहे. पण काकू निश्चिंत आहेत. त्या म्हणतात, पिकायला ठेवूच नये. कच्ची असतानाच काढायची आणि किसायची. किसलेली पपई मोजायला अजून तरी कुठलं कलम नाही.